तारा: एका नावाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारशाच्या पत्रिका, नावांच्या याद्या आणि घरोघरचे वाद यांत गेली काही वर्षं ‘तारा’ पुन्हा पुन्हा येतंय. मध्यंतरी हे नाव आजीच्या पिढीबरोबरच मागे पडणार असं वाटत होतं. आता पाळण्यातल्या तारा पुन्हा दिसायला लागल्यात आणि त्यांच्या आई-बाबांचे, आज्यांचे, आत्यांचे प्रश्नही. जे प्रश्न सतत येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण कोल्हापुरात बसून या नावाबद्दल दोन ओळींत बोलणं अवघड आहे.

‘तारा’ म्हणजे चांदणीच ना? की आणखी काही?

चांदणी हा पहिला अर्थ. संस्कृतात ‘तारा’ स्त्रीलिंगी आहे, तिथे ती तारा. मराठीत आकाशातला ‘तो तारा’ झाला, नाव मात्र मुलीचंच राहिलं.

दुसरा अर्थ ‘तारणारी’, म्हणजे पार नेणारी, बुडताना हात देणारी. ‘देव तारी त्याला कोण मारी’ या म्हणीतलं ‘तारी’ ते हेच. देवीचं नाव म्हणून तारा येते तेव्हा बहुतेक वेळा हाच अर्थ पुढे असतो.

तिसरा अर्थ आपण जवळजवळ विसरलोय: डोळ्यातली बाहुली. ‘नयनतारा’ हे नाव तिथूनच आलं. बंगालीत सदाफुलीच्या फुलालाही नयनतारा म्हणतात, कारण त्या फुलाच्या मधोमध तसाच ठिपका असतो.

कोल्हापूरकरांच्या मनात मात्र हे तिन्ही अर्थ नंतर येतात. इथे तारा म्हटलं की आधी घोडा आणि तलवार.

आमच्या सूनबाई पुण्याच्या. त्या विचारतात, ताराराणी म्हणजे नक्की कोण? थोडक्यात सांगा.

थोडक्यात सांगायचं तर, शिवछत्रपतींची सून आणि कोल्हापूरच्या गादीची संस्थापक. पण इथे थोडक्यात भागत नाही.

जन्म 1675 चा. सरसेनापती हंबीरराव मोहित्यांची लेक, माहेर कराडजवळचं तळबीड. राजाराम महाराजांशी लग्न झालं. मार्च 1700 मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर गेले, तेव्हा ताराबाईंचं वय पंचविशीचं होतं आणि औरंगजेब दख्खनमध्ये तळ ठोकून बसला होता. त्यांनी आपल्या लहान मुलाला, दुसऱ्या शिवाजीला, गादीवर बसवलं आणि कारभार स्वतः हाती घेतला. पुढची सात वर्षं बादशहा एकेक किल्ला घेत होता आणि मराठे ते पुन्हा परत मिळवत होते. किल्ले वाचवत बसण्यापेक्षा मराठी फौजा माळव्यात आणि गुजरातेत धाडून मोगलांना त्यांच्याच मुलखात गुंतवायचं, हे धोरण त्या काळातलं. मोगलांच्या बाजूने लिहिणाऱ्या खाफी खानालाही तिच्या कर्तबगारीची नोंद घ्यावी लागली. 1707 मध्ये अहमदनगरजवळ औरंगजेब मेला, तोवर दख्खन काही त्याच्या हाती आलं नव्हतं.

त्यानंतरची गोष्ट शाळेच्या पुस्तकात घाईघाईने उरकतात. मोगलांच्या कैदेतून सुटून शाहू महाराज आले, त्याच वर्षी खेडची लढाई झाली आणि सातारा त्यांच्याकडे गेला. ताराबाईंनी पन्हाळ्यावर आपली गादी उभी केली. 1710 पासून कोल्हापूर राज्याची सुरुवात धरतात ती यामुळे. पण चारच वर्षांत, 1714 मध्ये, सवत राजसबाईंनी आपला मुलगा संभाजी याला कोल्हापूरच्या गादीवर बसवलं आणि ताराबाई मुलासह नजरकैदेत गेल्या. म्हणजे जिने राज्य उभं केलं, तिच्या वंशात ते राहिलंच नाही. उतारवयात त्या साताऱ्यात राहिल्या. शाहू महाराजांच्या पश्चात रामराजाला आपला नातू म्हणून पुढे आणलं आणि 1750 मध्ये त्यालाच साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं. पेशव्यांशी शेवटपर्यंत वाकडंच राहिलं. 1761 मध्ये त्या गेल्या, म्हणजे पानिपत पाहून गेल्या.

सूनबाईंना सांगा, हे नाव ठेवताना ‘गोड’ एवढंच मनात असेल तर एकदा पन्हाळ्यावरचा ताराराणींचा वाडा बघून या. ही बाई गोड नव्हती. खमकी होती.

ताराराणी म्हणायचं की ताराबाई?

दोन्ही चालतं. इतिहासाच्या लेखनात ‘महाराणी ताराबाई’, चौकात आणि भाषणात ‘ताराराणी’ किंवा ‘भद्रकाली ताराराणी’. घरातल्या मोठ्या माणसाच्या नावापुढे जसं सहज बाई किंवा साहेब लागतं, तसं इथे ‘राणी’ लागून गेलं.

एक घोटाळा मात्र टाळा. कोल्हापूरच्या राजघराण्यात ताराबाई एकच झाल्या नाहीत. राजर्षी शाहूंचे चिरंजीव राजाराम महाराज, म्हणजे 1922 ते 1940 या काळातले छत्रपती, यांच्या राणीचंही नाव ताराबाई होतं आणि त्या बडोद्याच्या गायकवाड घराण्यातल्या. जुन्या कागदात ‘ताराबाई महाराणीसाहेब’ असं दिसलं की आधी साल बघा, मगच निष्कर्ष काढा.

ताराराणी चौक, ताराबाई पार्क, ताराबाई रोड हे सगळं एकच आहे का? पाहुणे कायम चुकतात.

अजिबात नाही, आणि चुकणं साहजिक आहे.

ताराराणी चौक म्हणजे कावळा नाका. हायवेवरून तावडे हॉटेलपाशी शहरात वळलं की पुढे ताराराणींचा अश्वारूढ पुतळा लागतो, तो हा चौक. जुनी माणसं अजून कावळा नाकाच म्हणतात, रिक्षावालेही. ताराबाई पार्क ही तिथून जवळची निवांत, बंगल्यांची आणि दवाखान्यांची वस्ती. ताराबाई रोड मात्र थेट गावात, अंबाबाईच्या देवळाच्या बाजूला, कपिलतीर्थ मार्केटकडे. पाहुण्यांना नुसतं ‘ताराबाईला उतरा’ असं सांगू नका.

याशिवाय ताराराणी विद्यापीठ आहे. नावात विद्यापीठ असलं तरी ती शिक्षणसंस्था आहे आणि मुलींचं कमला कॉलेज तिचंच. महापालिकेच्या राजकारणात ताराराणी आघाडी आहे. एवढं नाव वापरात असूनही एखादी मुलगी ‘मी तारा’ म्हणाली की लोक अजून कौतुकाने बघतात, हे विशेषच म्हणायचं.

पुराणात तारा कोण कोण आहेत?

मुख्य तिघी: वालीची तारा, बृहस्पतीची तारा आणि हरिश्चंद्राची तारामती. देवी तारा वेगळी, तिच्याबद्दल पुढे येईल.

सकाळी म्हणायच्या ‘अहल्या द्रौपदी सीता तारा मंदोदरी तथा’ या श्लोकातली तारा म्हणजे वालीची बायको, अंगदाची आई. रामायणात तिला फार जागा नाही, पण जिथे आहे तिथे सगळ्यांत शहाणी तीच बोलते. सुग्रीव एकदा मार खाऊन पळाला आणि लगेच पुन्हा ललकारायला आला, तेव्हा ती वालीला सांगते: हा एवढ्या लवकर परत आलाय त्याअर्थी त्याच्या पाठीशी कुणीतरी आहे, आज बाहेर पडू नका. वाली ऐकत नाही. पुढे पावसाळा संपला तरी सुग्रीव सीतेच्या शोधाला लागत नाही म्हणून लक्ष्मण संतापून किष्किंधेत येतो, तेव्हा त्याच्यासमोर जायची कुणाची छाती होत नाही. तारा जाते आणि त्याला शांत करते. मुलीला नावाची गोष्ट सांगायची असेल तर ही सांगा. राजकारण कळणारी बाई वाल्मीकींनी इतक्या कमी शब्दांत उभी केली आहे.

बृहस्पतीच्या तारेची गोष्ट ऐकली आणि सासूबाई म्हणाल्या हे नाव नको. काय करू?

गोष्ट अशी: देवगुरू बृहस्पतीची पत्नी तारा चंद्राकडे गेली. त्याने पळवली की ती आपण होऊन गेली, यावर पुराणांचं एकमत नाही. तिला परत आणायला देव-दानवांचं युद्ध झालं. ती परत आली ती गरोदर. मूल कुणाचं यावर पुन्हा वाद. शेवटी ब्रह्मदेवाने विचारल्यावर तिने चंद्राचं नाव घेतलं. ते मूल म्हणजे बुध, बुधाचा मुलगा पुरूरवा आणि तिथून चंद्रवंश. म्हणजे पांडव-कौरव याच वेलीवरचे.

सासूबाईंना एवढंच म्हणा की अहल्या, द्रौपदी, कुंती या नावांच्या गोष्टीही काही साध्यासरळ नाहीत आणि तरी त्यांची नावं सकाळी घेतात. तरीही त्यांचा नकार असेल तर ‘ताराराणींवरून ठेवतोय’ असं सांगा. कोल्हापुरात या वाक्यावर सहसा कुणी पुढे बोलत नाही.

तारामतीचा आणि कोल्हापूरचा काही संबंध आहे का?

आहे, आणि फार चांगला आहे.

दादासाहेब फाळक्यांनी 1913 मध्ये भारतातला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट काढला तो हरिश्चंद्राचा. तेव्हा तारामतीचं काम करायला बाई मिळेना. शेवटी उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या पुरुषाने लुगडं नेसून तारामती केली. भारतीय पडद्यावरची पहिली तारामती ही अशी.

मग 1932. प्रभात फिल्म कंपनी तेव्हा कोल्हापुरात होती. 1929 मध्ये इथेच सुरू झाली, 1933 मध्ये पुण्याला गेली. तिने आपला पहिला बोलपट काढला ‘अयोध्येचा राजा’, तोही हरिश्चंद्राचाच. दिग्दर्शन व्ही. शांतारामांचं, हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचंच. तारामती झाल्या दुर्गा खोटे. चांगल्या घरातल्या बाईने सिनेमात जायचं म्हणजे तेव्हा केवढा गहजब! पण मराठीतली पहिली बोलणारी नायिका कोल्हापूरच्या स्टुडिओत उभी राहिली आणि ती तारामती होती. लुगडं नेसलेल्या साळुंक्यांपासून दुर्गाबाईंपर्यंत मध्ये फक्त एकोणीस वर्षं गेली.

तारामतीच्या मूळ गोष्टीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. नवऱ्याच्या सत्यासाठी तिने स्वतःला विकून घेतलं, मुलगा साप चावून गेला, आणि गोष्ट नाव घेते हरिश्चंद्राचं. सत्त्वपरीक्षा खरं तर दोघांची होती.

देवी तारा कोण? घरात हे नाव ठेवलं तर काही कडक सोवळं पाळावं लागतं का?

नाही, नावाला सोवळं नसतं.

दशमहाविद्यांमध्ये कालीनंतर दुसरी तारा. रूप कालीसारखंच उग्र, पण काम तारण्याचं. समुद्रमंथनातलं हलाहल पिऊन शंकर मूर्च्छित पडले तेव्हा तिने आईसारखं त्यांना जवळ घेतलं अशी कथा आहे. बंगालमधलं बीरभूम जिल्ह्यातलं तारापीठ तिचं मोठं ठाणं. आपल्याकडे तिची उपासना घरोघरी नाही. इथे अंबाबाई आहे, आणखी कुणाकडे जायची गरज पडत नाही.

बौद्ध धर्मातही तारा आहे म्हणतात. ती हीच का?

ही बोधिसत्त्व तारा, करुणेची देवता. अवलोकितेश्वराच्या सोबतीने ती येते. वेरूळच्या बौद्ध लेण्यांत तिच्या मूर्ती आहेत, पुढच्या वेळी कैलास लेणं बघून लगेच परत फिरू नका. आपल्या दक्षिणेकडे, गदगजवळच्या डंबळ इथे 1095 चा शिलालेख आहे, त्यात तारेचं स्तवन आहे आणि तिच्या विहाराचा उल्लेख आहे. म्हणजे कोल्हापुरात शिलाहार राज्य करत होते त्या काळात इथून फार दूर नसलेल्या गावात तारेची पूजा चालू होती.

तिबेटात ती फारच लाडकी. हिरवी तारा, पांढरी तारा, एकूण एकवीस रूपं. तिबेटी भाषेत तारेला ‘डोल्मा’ म्हणतात आणि मुलींची नावं सर्रास डोल्मा असतात. थंडीत स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी बायकांना नाव विचारून बघा, एखादी डोल्मा निघतेच. ती आपली ताराच.

बौद्ध घरांतही हे नाव आवर्जून ठेवतात, आणि एकच नाव दोन्हीकडे तितक्याच आपुलकीने चालतं, असं फार थोड्या नावांच्या बाबतीत घडतं.

‘ता’ अक्षर कोणत्या राशीचं?

तूळ रास, स्वाती नक्षत्र, चौथा चरण. स्वातीची अक्षरं रू, रे, रो, ता.

इथे एक मजेची गोष्ट आहे. ज्या नक्षत्राचं अक्षर ‘ता’, तो स्वातीचा तारा कोल्हापूरच्या जवळजवळ डोक्यावरून जातो. मे महिन्याच्या शेवटी, वळवाचे ढग नसतील तर, रात्री साडेदहाच्या सुमारास गच्चीवर आडवं पडा आणि सरळ वर बघा. नारिंगी झाक असलेला ठळक तारा दिसेल, तो स्वाती. ओळख पटत नसेल तर उत्तरेला सप्तर्षी शोधा. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे वाढवत आणला की नजर स्वातीवर येते आणि त्याच बाकाने आणखी पुढे दक्षिणेकडे गेलं की चित्रा. स्वाती आपल्यापासून सुमारे 37 प्रकाशवर्षं दूर आहे. म्हणजे आज दिसणारा त्याचा उजेड, तुमची तारा जन्मायच्या कितीतरी आधी, कदाचित तुम्ही स्वतः पाळण्यात होता तेव्हा निघालेला. शहरात दिव्यांमुळे बारीक तारे दिसेनासे झालेत, पण स्वाती राजारामपुरीच्या गच्चीवरूनही दिसतो.

जन्मनक्षत्र वेगळं असेल तर तारा ठेवू नये का?

खुशाल ठेवा. जन्मनाव एक आणि हाक मारायचं नाव दुसरं, ही पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. पत्रिकेत भटजी देतील ते अक्षर येऊ द्या.

‘ताराबळ’ म्हणजे काय? त्याचा नावाशी संबंध आहे का?

नावाशी नाही, मुहूर्ताशी आहे. आपल्या जन्मनक्षत्रापासून त्या दिवसाच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं आणि नवाने भागून बाकी बघायची. एक उरला तर जन्म, मग संपत्, विपत्, क्षेम, प्रत्यरी, साधक, वध, मैत्र, परममैत्र अशा नऊ तारा. तिसरी, पाचवी, सातवी वाईट मानतात, बाकी कामाला चालतात.

मंगलाष्टकांच्या शेवटी ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव ताराबलं चंद्रबलं तदेव’ येतं, ते ताराबळ हेच. हे शब्द सुरू झाले की अक्षता संपवायची घाई, अंतरपाट धरणाऱ्यांची गडबड, वाजंत्र्यांना खुणा, अशी जी धांदल उडते तिच्यावरूनच ‘तारांबळ’ हा शब्द आला असं सांगतात. कार्यालयातला तो क्षण ज्यांनी पाहिलाय त्यांना हे पटायला जड जात नाही.

मुलं चिडवतील का? ‘अकलेचे तारे’ वगैरे?

चिडवतील. कुठल्या नावावरून चिडवत नाहीत? ‘अकलेचे तारे तोडू नको’ हे तर ठरलेलंच. ‘दिवसा तारे दाखवीन’ हेही येईल. मोठं झाल्यावर कुणीतरी ‘आज तारेत आहेस काय’ म्हणेल, कारण दोन घोट जास्त झालेल्या माणसाला आपल्याकडे तारेत असणं म्हणतात. विजेच्या तारा, कुंपणाच्या तारा, तंबोऱ्याच्या तारा आहेतच. सगळे शब्द निरुपद्रवी आहेत. त्यापेक्षा वाईट यमकं जुळणारी नावं लोक हौसेने ठेवतात.

एक जुना संदर्भ आता गेला. पूर्वी ‘तार आली’ म्हटलं की घरात रडारड सुरू व्हायची, वाचायच्या आधीच. जुलै 2013 मध्ये तारसेवा बंद झाली, त्यामुळे हल्लीच्या पोरांना हे ठाऊकही नाही.

‘ताराला’ बरोबर की ‘ताऱ्याला’?

मुलगी असेल तर ताराला, ताराचा, ताराशी. आकाशातला असेल तर ताऱ्याला, ताऱ्याचा, आणि अनेकवचन तारे. वायर असेल तर तार, तारेला, तारांना. विधानसभेत आमदार विचारतात तो तारांकित प्रश्न; त्याला खूण म्हणून तारा असतो आणि त्याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यावं लागतं. पंचतारांकित हॉटेल हेही त्याच घराण्यातलं.

घरात हाक काय मारतात?

तारू, तारी, ताई. मोठी झाली की ताराक्का, तारामावशी, ताराकाकू. गडहिंग्लज-निपाणीच्या बाजूला गेलात तर ताराव्वा. ‘तारे’ अशी लाडाची हाकही ऐकू येते, विशेषतः काम अडलेलं असलं की: “ए तारे, तेवढं पाणी आण की गं.”

बारशाला हे नाव कसं घेतात? आमच्याकडे सगळे नवखे आहेत.

बाराव्या दिवशी जमलं तर बरं, नाहीतर पुढे सोयीने. हल्ली महिन्याने, सव्वा महिन्यानेही करतात. पाळणा सजवायचा. बायका पाळण्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहतात आणि बाळ पाळण्याखालून एकीकडून दुसरीकडे देतात: ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’. मग आत्या वाकते, बाळाच्या कानाशी तोंड नेते आणि ‘कुर्र’ करून नाव सांगते. त्याच वेळी मागच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, आणि ते काही नावापुरते नसतात. दोन अक्षरी नावाचा इथे फायदा होतो. ‘तारा’ म्हणून आत्या लगेच सरळ होते. पाच अक्षरी नाव असलं की बिचारीचा पाठीचा कणा ढिला होतो.

नंतर सगळ्यांना घुगऱ्या. आत्याला साडी. ती न विसरलेली बरी.

जन्मदाखल्यावर नाव केव्हापर्यंत घालता येतं?

जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी. बहुतेक दवाखाने ती माहिती पाठवतात, पण झाली की नाही ते स्वतः तपासा. त्या नोंदीत नाव नसलं तरी चालतं. नाव नंतर घालता येतं, वर्षाच्या आत विनाशुल्क, त्यानंतर शुल्क भरून, नोंदीपासून 15 वर्षांपर्यंत. शहरात महापालिकेचा जन्म-मृत्यू विभाग, गावात ग्रामपंचायत.

1 ऑक्टोबर 2023 पासून पुढे जन्मलेल्या मुलांसाठी शाळा-प्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा धरतात. म्हणून ‘आत्ता तारा लिहू, पुढे बदलू’ हा विचार सोडा. एकदा ठरलं की देवनागरी आणि इंग्रजी, दोन्ही अक्षरं दोनदा तपासूनच सही करा.

आईचं नाव आधारवर ‘तारा’, रेशनकार्डावर ‘ताराबाई’, सातबारावर ‘ताराक्का’. वारसनोंद अडली आहे.

ही तक्रार नवी नाही. पूर्वी नाव सांगणारा दुसराच असायचा आणि लिहून घेणारा आपल्या पद्धतीने आदराचं शेपूट लावायचा. बाई, अक्का, व्वा यांपैकी जे त्याच्या तोंडात बसलेलं असेल ते.

तिन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र करून ठेवा, सोबत तिन्ही कागदांच्या प्रती. बऱ्याच कामांत तेवढ्यावर भागतं. नाव कायमचं बदलून एकच करायचं असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या, अर्ज ऑनलाइन होतो. आई हयात आहे तोवरच हे करा. नंतर हेच काम दसपट लांबतं आणि तलाठ्यापुढे उभं राहून आपली आई तीच होती हे पटवून द्यावं लागतं, यासारखा संताप नाही.

तारा हे नाव मुलाचं असू शकतं का?

एकटं ‘तारा’ महाराष्ट्रात मुलीचंच. पण ताराचंद आहे, आणि पंजाबात तारासिंग. अकाली दलाचे मोठे पुढारी मास्टर तारासिंग होते. तारक वेगळा, आणि तारकासुराला कार्तिकेयाने मारलं, त्यामुळे त्या वाटेला जपूनच जा.

इतिहासात आणखी कोण तारा? ताराराणी सोडून.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. 1882 मध्ये त्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. एका विधवेला भ्रूणहत्येबद्दल शिक्षा झाली आणि सगळे बाईच्याच नावाने खडे फोडायला लागले, तेव्हा ताराबाईंनी विचारलं की जे दोष बायकांना चिकटवता ते पुरुषांत नाहीत का? भाषा इतकी सडेतोड की आजही वाचताना दचकायला होतं. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली होती.

ताराबाई मोडक, बालवाडीच्या. त्यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत अंगणातली शाळा नेली. 1962 मध्ये पद्मभूषण. आज गावोगाव बालवाड्या दिसतात त्यामागे त्यांचे कष्ट आहेत.

आणि आपल्या शेजारच्या सांगलीच्या तारा भवाळकर. ओव्या, लोककथा, लोकनाट्य यांत बायका काय बोलतात ते त्यांनी आयुष्यभर ऐकलं आणि लिहिलं. फेब्रुवारी 2025 मध्ये दिल्लीला झालेल्या 98 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष.

यातली एकही गप्प बसणारी नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

नाव जुनाट वाटत नाही का?

‘ताराबाई’ जुनं वाटतं, ‘तारा’ नाही. बाई काढली की वय निम्म्यावर येतं. आणि पणजीचं नाव पणतीला देण्यात गंमत असते. घरातल्या कुणाला तरी ते ऐकून बरं वाटतं.

नुसतं तारा लहान वाटतं. जोडून काय ठेवता येईल?

तारिणी, तारका, नयनतारा, सितारा. ‘शुक्रतारा’ कवितेत छान, नाव म्हणून नको. शिवाय शुक्र हा तारा नाहीच, ग्रह आहे. तारामती आता कुणी ठेवत नाही. ताराराणी हे पूर्ण नाव ठेवलेलंही पाहिलंय. तसं ठेवायचं असेल तर खुशाल, फक्त शाळेत त्याचं ‘राणी’ होणार हे धरून चाला.

मुलगा-सून परदेशात आहेत. तिकडे हे नाव चालेल का?

चालेल, अडखळणार नाहीत. उच्चार मात्र बदलेल. इंग्रजी बोलणारे ‘टारा’ किंवा ‘टॅरा’ म्हणतात, ‘त’ त्यांच्या जिभेला जमत नाही. तिकडेही हे नाव मुलींचं म्हणून ओळखीचं आहे. आयर्लंडात मीथ परगण्यात तारा नावाची टेकडी आहे, तिथे जुने राजे राज्यावर बसत. मॉन्टेनेग्रोत तारा नदी आहे आणि तिची घळ सुमारे 1300 मीटर खोल. या नावांचा आपल्या तारेशी काही संबंध नाही, पण मुलीला शाळेत कुणी विचारलं तर सांगायला बरं.

कलकत्त्याला बदली झाली तर एक लक्षात ठेवा: बंगालीत तारा म्हणजे चांदणीही आणि ‘ते लोक’ही.

पासपोर्टसाठी इंग्रजी अक्षरं ठरवताना पहिल्या ‘ता’ला एकच ए ठेवा. हौसेने दोन ए घातले की काही ठिकाणी दोन, काही ठिकाणी एक, असे कागद तयार होतात, आणि मग वर सांगितलेलं प्रतिज्ञापत्र मुलीच्याही नशिबी येतं.